आईचे वय

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा त्यांच्या मनात इतिहासाच्या शिक्षिकेला शोभेल असा एखादा विषय असावा. वारल्यांचा १९४५ चा लढा आणि गोदावरी परुळेकर, कोसबाडच्या टेकडीवरील ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य, किंवा आपल्या भागातील धम्मचळवळीची वाटचाल. या विषयांवर मी आजवर लिहीत आले आहे. या वेळी मात्र ज्यांना आपण सरसकट ‘कार्टून’ म्हणतो, त्या चित्रपटांविषयी लिहिणार आहे. काही पालकांच्या कपाळाला आठी पडेल. तरीही लेख शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती. कारण निमित्त कार्टूनचे असले तरी गोष्ट आईची आहे.

त्या वर्षी जे विद्यार्थी आपल्या वसतिगृहात होते, त्यांना २०१८-१९ चा हिवाळा विसरता येणार नाही. नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हादरू लागली होती. आधी जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येई आणि पाठोपाठ भांडी वाजत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवर भिंतींना तडे गेले, माणसे घराबाहेर झोपू लागली. आपणही मुलामुलींना खोल्यांतून बाहेर काढले आणि पटांगणात ताडपत्र्या बांधल्या. दिवसा वर्ग झाडाखाली भरत, रात्री थंडी आणि भीती दोन्ही एकाच चादरीत शिरत. कितीतरी मुलांच्या आया दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेल्या होत्या. धक्का बसला की लहान मुली आईला हाक मारत, आणि ती हाक आम्हा शिक्षिकांनाच ऐकू येई.

अशा एका शनिवारी आपला एक माजी विद्यार्थी मुंबईहून आला. तो अॅनिमेशनच्या स्टुडिओत काम करतो. मुलांचे मन रमावे म्हणून त्याने लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आणला होता. भिंतीजवळ बसायला कोणी तयार नव्हते, म्हणून दोन झाडांमध्ये पांढरी चादर बांधली आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना एक जपानी चित्रपट दाखवला. भाषा कोणालाच कळत नव्हती. तो मधूनमधून चित्रपट थांबवी आणि गोष्ट मराठीत सांगे. मला ती पद्धत जुन्या काळच्या कथेकऱ्यासारखी वाटली.

चित्रपटाचे नाव ‘माकिया’. २०१८ साली आलेला, मारी ओकादा या लेखिकेने दिग्दर्शित केलेला तिचा पहिलाच चित्रपट. इओर्फ नावाचे एक काल्पनिक कुळ आहे. ही माणसे शतकानुशतके जगतात आणि दिसायला मात्र पंधरा-सोळा वर्षांचीच राहतात. वाहत्या दिवसांचे धागे विणून ते वस्त्र तयार करतात. बाहेरच्या कोणावर प्रेम करू नका, नाहीतर कायमचे एकटे पडाल, अशी त्यांच्यातील वडीलधाऱ्यांची ताकीद असते. एक राजा आपल्या वंशात हे दीर्घायुष्याचे रक्त यावे म्हणून त्यांच्या गावावर हल्ला करतो आणि स्त्रिया पळवतो. लेलिया नावाची मुलगी त्याच्या मुलाची पत्नी होते, तिला मुलगी होते, पण ती मुलगी तिच्या दृष्टीसही पडू दिली जात नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरील निबंधात स्त्रियांच्या विवाहावरील बंधनांतून जात कशी टिकवली जाते हे दाखवून दिले होते. रक्त राखण्यासाठी स्त्रीला कोंडावे लागते, हे त्या काल्पनिक राजवाड्यातही मला तसेच्या तसे दिसले.

माकिया त्या हल्ल्यातून निसटते. रानात तिला एक उद्ध्वस्त तंबू सापडतो. आत एक बाई मरून पडली आहे आणि तिच्या कवेत तान्हे बाळ रडते आहे. बाईची बोटे ताठरलेली. माकिया एकेक बोट मोडून बाळ सोडवते. ते बाळ ती वाढवते. एका शेतकरी विधवेच्या घरी राहून ती आई होणे शिकते. बाळ मोठे होते, तिच्या बरोबरीचे दिसू लागते, पुढे तिच्यापेक्षा थोराड दिसू लागते. तारुण्यात तो तिला आई म्हणायला कचरतो, घर सोडतो, सैनिक होतो, स्वतः बाप होतो. अखेरीस तो अंथरुणाला खिळलेला म्हातारा असतो आणि त्याच्या उशाशी बसलेली त्याची आई पंधरा वर्षांची मुलगीच दिसते. कधी रडणार नाही असे तिने त्याला त्याच्या लहानपणी वचन दिलेले असते. तो गेल्यावर ते वचन मोडते.

चित्रपट संपला. पटांगण गप्प होते. नववीतली एक मुलगी उठून उभी राहिली. तिचे नाव येथे लिहीत नाही. तलासरीकडच्या एका पाड्यावरची, आई दोन पावसाळ्यांपूर्वी वारलेली. तिने विचारले, “बाई, तिला मरण नाही. मग ती रडते कशाला?”

प्रश्न मला विचारला होता आणि उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. पंचवीसेक वर्षे मी ते देत आले होते. मी किसा गोतमीची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती घेतली आहे. मेलेले मूल छातीशी धरून औषध मागत फिरणारी आई, ज्या घरी कोणी मेले नाही तिथून मोहरी आण असे सांगणारे भगवान, आणि रिकाम्या हाताने परतलेली गोतमी. सगळे अनित्य आहे, असा समारोप मी केला. मुलीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “ही गोष्ट पाठ आहे, बाई,” आणि ताडपत्रीखाली जाऊन पडली.

मी खजील झाले. तिच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. दुखणाऱ्या जागी मी पाठ्यपुस्तक ठेवले होते, एवढेच तिने नोंदवले होते.

रात्री एकच्या सुमारास हलका धक्का बसला. मी मुलींच्या बाजूला गेले तेव्हा ती जागीच होती.

“झोप येत नाही का गं?”

“नाही, बाई.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “त्या पोराची खरी आई कोणालाच आठवली नाही.”

“कोणती?”

“ती मेलेली. तिने मेल्यावरपण सोडलं नव्हतं. बोटं मोडावी लागली.”

मी तिच्याजवळ बसले. संपूर्ण चित्रपटात मी न मरणाऱ्या आईकडे पाहत राहिले होते. या मुलीने पहिल्या काही मिनिटांत संपून गेलेली आई धरून ठेवली होती.

“तुमची आई आहे?” तिने विचारले.

“नाही. मी नऊ वर्षांची असताना गेली.”

“कशी दिसायची?”

आजवर कोणाला सांगितले नव्हते ते मी त्या अंधारात सांगितले. “आठवत नाही.”

“मला हात आठवतात,” ती म्हणाली. “तोंड जायला लागलंय.”

शेजारची एक मुलगी जागी होती. तिने आपल्या भावाचे सांगितले. तो विहिरीत बुडाला होता. पलीकडून कोणी बापाचे सांगितले, कोणी आजीचे. काही मुली नुसत्या हुंकार देत होत्या. अनित्यतेविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. तेव्हा मला इतक्या वर्षांनी कळले की भगवंतांनी गोतमीला प्रवचन दिले नव्हते. तिला दारोदार पाठवले होते. प्रत्येक दारात कोणीतरी तिच्याशी बोलले असेल, आपल्या घरचे मरण सांगितले असेल, कोणी पाणी दिले असेल. सायंकाळपर्यंत तिला जे उमगले ते त्या घरांनी तिला दिले. मी मात्र वर्षानुवर्षे ती सगळी दारे गाळून थेट तात्पर्य सांगत होते. त्या रात्री किसा गोतमी आमच्या ताडपत्रीखाली खरोखर फिरली.

आता माझ्या आईविषयी. माझे गाव परभणी जिल्ह्यात. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जात असे. १९७९ च्या पावसाळ्यात, ओढ्याला पूर आलेला असताना, ती बाळंतपणात गेली, बाळही गेले. तिचा फोटो नाही. फोटो काढायला तालुक्याला जावे लागे आणि तेवढ्यासाठी तालुक्याला कोण जाणार? आजीने मला वाढवले, पुढे वसतिगृहाने वाढवले, आणि औरंगाबादच्या नागसेनवनाने मला इतिहासाच्या वाटेला लावले. पुरावा असल्याशिवाय विधान करू नये, हे मी तिथे शिकले.

वडील वारल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक जुने रेशनकार्ड होते, १९७४ चे. कुटुंबातील व्यक्तींच्या यादीत आईचे नाव, त्यापुढे वय २६. आणि त्या संपूर्ण ओळीवर लाल शाईची आडवी रेघ, कारण मृत्यूनंतर तिचे नाव कमी केलेले. माझ्या आईचा जगातील एकमेव लेखी पुरावा हा असा आहे. वयही विचारून, अंदाजाने लिहिलेले असणार. त्यावरून हिशेब केला तर ती गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती.

त्या शनिवारनंतर कितीतरी दिवस हा आकडा माझ्या डोक्यात फिरत राहिला. एकतिसाव्या वर्षी मी आईच्या बरोबरीची झाले होते, आणि ते मला कळलेही नव्हते. त्या दिवशी बहुधा मी उत्तरपत्रिका तपासत असेन. आज मी पंचावन्न वर्षांची आहे. माझे केस पांढरे झाले, गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर वाढतो. आई मात्र एकतीस वर्षांचीच आहे. आज ती समोर आली तर लोक तिला माझी मुलगी समजतील. माकियाची गोष्ट कोणी जपानी लेखिकेने कल्पनेने रचली असे मी समजत होते. ज्यांची आई लहानपणी गेली, त्यांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. आपण म्हातारे होत जातो आणि आपली आई वयाच्या एका आकड्यावर थांबून आपल्याकडे पाहत राहते. चित्रपटातले अमरत्व असे उलटून पाहिले तेव्हा मला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर थोडे थोडे दिसू लागले. न मरणारी आई रडते, कारण तिला थांबून राहावे लागते आणि लेकरू पुढे निघून जाते.

आपल्यासारख्या घरांत हा प्रश्न अधिक कठीण होतो. आई देवाघरी गेली, आकाशात तारा झाली, असे आपण मुलांना सांगत नाही. अमर आत्मा भगवान बुद्धांनी नाकारला आणि बाबासाहेबांनी तो नकार आपल्याला स्वच्छ शब्दांत समजावून दिला. म्हणजे रडणाऱ्या मुलाला गप्प करणारे एक सोपे उत्तर आपण स्वेच्छेने टाकून दिले आहे. त्याचा मला अभिमान आहे. पण ते उत्तर टाकल्यावर मुलाजवळ बसण्याची जबाबदारी आपल्यावर येते, हे मी विसरले होते.

तो माजी विद्यार्थी जाताना एका पेनड्राइव्हमध्ये आणखी चित्रपट ठेवून गेला. पुढच्या शनिवारी आम्ही ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ पाहिला. इसाओ ताकाहाता यांचा, २०१३ चा. वेळूच्या कांड्यात सापडलेली मुलगी एक गरीब जोडपे वाढवते. ती चंद्रावरची असते, आणि शेवटी तिला न्यायला ढगावरून मिरवणूक येते. त्या लोकात दुःख नाही. तिच्या अंगावर एक वस्त्र घालतात आणि पृथ्वीवरचे सारे तिच्या मनातून पुसले जाते. म्हातारे आईबाप हंबरडा फोडत राहतात. त्या मिरवणुकीचा प्रमुख दिसायला थेट बुद्धमूर्तीसारखा आहे. जपानमध्ये मरणाऱ्याला न्यायला येणाऱ्या अमिताभ बुद्धाची चित्रे काढण्याची जुनी परंपरा आहे, तिचा हा ठसा. मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना सांगितले की आठवण पुसून दुःख संपवणारा हा बुद्ध आपला नव्हे. आपल्या भगवंतांनी गोतमीला मूल विसरायला सांगितले नाही. थेरीगाथेत किसा गोतमी आहे, पटाचारा आहे, उब्बिरी आहे. लेकरे गमावलेल्या या आया भिक्खुणी झाल्या, तरी आपल्या दुःखाची हकीकत त्यांच्या नावाने शिल्लक राहिली.

मग एका मुलाने विचारले, “आणि आई गेलेल्या पोरांची गोष्ट?” मी म्हटले, ती तर तुमच्यासमोर भिंतीवर आहे. महामाया सातव्या दिवशी गेल्या आणि सिद्धार्थाला मावशी महाप्रजापती गोतमींनी वाढवले. भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव लहान होते. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. ज्या दोघांसमोर आपण रोज वंदना घेतो, ते दोघेही आईवाचून वाढलेले. रमाईंची बाजू उलटी. त्यांनी चार लेकरे गमावली. आणि आपल्या शेजारच्या कोसबाडला बालविधवा अनुताई वाघ, स्वतःचे मूल नसताना, पाड्यावरच्या किती मुलांच्या आई झाल्या. माकियाने केले ते असे कितीतरी जणींनी केले आहे, तेही जादूचे दीर्घायुष्य नसताना.

तिसरा चित्रपट मामोरु होसोदा यांचा, २०१२ सालचा ‘वुल्फ चिल्ड्रन’. पालकांनी तो जरूर पाहावा. नवरा गेल्यावर दोन आगळी मुले घेऊन हाना खेड्यात जाते, बटाटे लावायला शिकते. शेवटी मुलगा रानात निघून जातो आणि मुलगी वसतिगृहाच्या शाळेत. हाना घरी एकटी राहते. दर वर्षी जून महिन्यात लेकीची पत्र्याची ट्रंक ठेवून फाटकाबाहेरच्या झाडाखाली शेवटच्या एसटीपर्यंत बसून राहणाऱ्या आया मला त्या वेळी आठवल्या. मी त्यांना “आता निघा, मुलगी रुळेल” असे सांगत असे. आता सांगत नाही. चहा पाठवते.

त्या पहिल्या रात्रीनंतरची सकाळ मात्र सांगायची राहिली. ती मुलगी ताडपत्रीपुढच्या मातीत काडीने काहीतरी काढत होती. चौकाची चौकट होती, आत पालघाट देवीची आकृती, आणि चौकटीबाहेर दोन हात. तिची आई लग्नघरी चौक लिहायला जात असे. तांदळाच्या पिठात बुडालेले ते हात तिला आठवत होते. वारल्यांचा हा चौक सवाशिणी लिहितात. तो लग्नापुरता असतो; पुढच्या लग्नाला नव्याने लिहितात. टिकावा म्हणून तो कधी काढलाच गेला नाही, आणि तरी पिढ्यानपिढ्या टिकला, कारण एकीचे हात पाहून दुसरी शिकली.

मला जिव्या सोमा म्हसे आठवले. जन्म आपल्या तलासरी तालुक्यातला, धामणगावचा. पुढे वास्तव्य डहाणूतील गंजाडजवळ. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने हा मुलगा कित्येक वर्षे बोलेनासा झाला. धुळीत चित्रे काढूनच तो इतरांशी बोलत असे. बायकांच्या हातची ही कला पुढे त्यांनी कागदावर आणली, देशोदेशी नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि मे २०१८ मध्ये, भूकंपाच्या त्या हिवाळ्याच्या काही महिने आधी, ते गेले. मी हे सारे त्या मुलीला सांगितले. तात्पर्य सांगितले नाही. तिने विचारले, “त्यांना आईचं तोंड आठवत होतं का?” मी म्हटले, ठाऊक नाही. दुपारी पटांगण झाडले गेले आणि चित्र पुसले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा काढले.

ती मुलगी आता नर्सिंग शिकते. १४ एप्रिलला शाळेत येते. माझ्यापेक्षा हातभर उंच झाली आहे. गेल्या वर्षी म्हणाली, “बाई, आई गेली तेव्हा चौतीसची होती. मला अजून तेरा वर्षं आहेत.” तिला हिशेब लवकर कळला.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिले जाईल. निर्णय स्वागतार्ह आहे, पण त्याआधी जन्मलेल्या आपणा सर्वांच्या आयांचे काय? आपल्या शाळेचे जुने प्रवेश नोंदवही मी चाळले. पानेच्या पाने बापाच्या नावांची आहेत. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ही पोकळी आता बघवत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. वाचनालयात आम्ही एक मोठी वही ठेवली आहे. शाळेत याल तेव्हा तीत आपल्या आईचे नाव, गाव, ती करत असलेले काम आणि वय लिहावे. आई हयात असेल तर तिला बरोबर आणावे, तिच्या हाताने लिहू द्यावे. लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल, चौकातले एखादे चिन्ह चालेल. गेलेली असेल तर गेली तेव्हाचे वय लिहावे.

पहिली ओळ मी लिहिली आहे. नाव, गाव, काम खडी फोडण्याचे. वयाच्या रकान्यात ३१, आणि त्यापुढे, पुराव्याशी प्रामाणिक राहून, एक शब्द: अंदाजे.